पाऊस आलता

सोमवारी सकाळी पुण्याहून एक तक्ता येतो. माणूस पाठवत नाही, यंत्रच पाठवतं, बरोबर नऊ वाजून पाच मिनिटांनी. गेल्या आठवड्यात आपल्या टीममधल्या कुणाचा दिवा तासाभराहून जास्त वेळ पिवळा होता, त्याची ती यादी असते. दिवा म्हणजे नावाशेजारचा तो ठिपका. माऊसला हात लागत असला की हिरवा, पाच मिनिटं लागला नाही की पिवळा. प्रत्येक नावापुढे ‘कारण’ असा रकाना, आणि त्यात चारच पर्याय: जेवण, मीटिंग, तांत्रिक, वैयक्तिक. त्याच्या पलीकडे ‘शेरा’, तो भरला तर भरला. कारण मात्र भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नाही. ही यादी भरायचं काम माझ्याकडे आहे, कारण मी लीड आहे. लीड झाल्यावर पगार किती वाढला हे कुणी विचारू नये.

एप्रिलातल्या एका सोमवारी त्या यादीत आमच्या सावळजच्या पोराचं नाव होतं. गुरुवार, दुपारी दोन पन्नास ते चार पंचवीस. दीड तासाच्या वर. एरवी हा पोरगा यादीत येत नाही. कामाला चोख, बोलायला कमी, कॅमेरा लावला की मागे भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर आणि कोपऱ्यात फवारणीचा पंप दिसतो. मी त्याला लिहिलं, ‘गुरुवारी दुपारी कुठे होतास? कारण भरायचंय.’ वाक्य लिहिताना मला काही वाटलं नाही. असं मी दर आठवड्याला दोघातिघांना लिहिते. चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर आलं.

‘मॅडम पाऊस आलता.’

एवढंच. पुढे हात जोडलेला नाही, ‘सॉरी’ नाही, सबब नाही. आणि मी त्या चार पर्यायांकडे बघत बसले. पाऊस कशात बसतो? जेवणात नाही, मीटिंगमध्ये नाही. तांत्रिकही म्हणता येईना, कारण लाईट गेली नव्हती, नेट चालू होतं, ते यंत्राला माहीत होतं. उरलं वैयक्तिक. मी ‘वैयक्तिक’ दाबलं आणि तक्ता पाठवून दिला. दिवसभर मात्र ते ‘आलता’ डोक्यात वाजत राहिलं.

माझं आजोळ त्याच भागातलं, तासगाव तालुक्यातलं. त्यामुळे एप्रिलात तिकडे पाऊस येणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. घड उतरवून द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, मग शेडमधल्या रॅकवर, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरायची आणि बारा-पंधरा दिवस वाऱ्याच्या भरवशावर सोडून द्यायची. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. लहानपणी मे महिन्याची सुट्टी लागायची तेव्हा हंगाम सरत आलेला असायचा, पण एखादी शेड भरलेली असायचीच. आत गेलं की हिरव्या जाळीतून गाळून आलेला उजेड, जमिनीवर चिकट थर, चपला सुटता सुटत नाहीत, आणि एक वास, गोड म्हणावा तर मागे आंबूस, त्यात तेलाची झाक. गांधीलमाश्या डोक्याभोवती घुमायच्या. मामी म्हणायची, हलू नका, त्यांचं त्या बघतील. सातव्या-आठव्या दिवशी मणी अर्धा सुकलेला असतो, धड द्राक्ष नाही, धड बेदाणा नाही. बोटानं दाबला तर आत जेलीसारखा हलतो. त्या दिवसांत पाणी लागलं, नुसती दमट हवा जरी लागली, तरी हिरवा माल तपकिरी पडतो. काळा पडला की सौद्यात भाव विचारायची सोय राहत नाही. वाळवंटातनं वळीव येताना जसा धुळीचा पडदा दिसतो म्हणतात, तसा आमच्याकडे आधी वारा फिरतो. मग आभाळ जतच्या बाजूनं काळं होतं आणि शेडच्या चारी बाजूंनी माणसं धावतात. गुंडाळून ठेवलेला प्लास्टिकचा कागद सोडायचा, वाऱ्यानं तो फुग्यासारखा फुगतो, त्यावर अंग टाकून खाली ओढायचा, दोऱ्या खांबाला आवळायच्या. घरात जेवढे हात आहेत तेवढे कमी पडतात. म्हातारी पण पळते. अशा वेळी लॅपटॉपपुढं बसलेला एक धडधाकट पोरगा घरात असेल आणि तो हलणार नसेल, तर त्या घरात त्यानं पुढे जेवावं कसं?

बरं, रीतसर अर्धी रजा टाकता आली असती, असं कुणी म्हणेल. मीच म्हटलं होतं मनात. पण आमच्याकडे अर्ध्या रजेचा अर्ज दोन दिवस आधी लागतो.

आणि हेही सांगते, त्या गुरुवारचं काम त्यानं रात्री साडेअकराला पूर्ण करून पाठवलं होतं. ते यंत्राला दिसलंच. त्याच्यासाठी वेगळा रकाना आहे, ‘कार्यवेळेबाहेर’. त्याला ना दिवा, ना कारण, ना सोमवारची यादी. रात्री तू का काम करत होतास, असं मला कुणाला कधी विचारावं लागलेलं नाही.

संध्याकाळी आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, कुपवाडच्या एका कारखान्यात १९७२ ते २००६ लेथवर होते. माझी आई गेल्यापासून सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी असतात, पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर. त्यांना पिवळा दिवा समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. म्हणाले, “म्हणजे मशीन चालू हाय का बघत्यात, का माणूस?” मी म्हटलं, माणूस. मग जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आमचं बरं होतं. आमचं कार्ड होतं.”

त्यांच्या कार्डाचा मला लहानपणापासून राग होता. पिवळसर पुठ्ठ्याचं, दुमडलेल्या कोपऱ्यांचं, महिना संपला की कधीतरी घरी यायचं आणि मी त्याच्या मागे गणितं सोडवायची. पुढच्या बाजूला जांभळ्या शाईत वेळांची रांग. गेटवरच्या यंत्रात घातलं की ‘खट्ट’ व्हायचं. तीन मिनिटं माफ, चौथ्या मिनिटाला पाव तासाचा पगार गेला. त्या चौथ्या मिनिटासाठी आमचं सगळं घर पळायचं. आईचं पीठ, माझी वेणी, बंबातलं पाणी, सगळं त्या खट्टच्या आधीच्या दिशेनं ओढलेलं असायचं. पहिली पाळी असली की पाच वाजता घरात दिवा लागायचा. तिसरी असली की दिवसा आम्ही कुजबुजत बोलायचो, कारण आण्णा झोपलेले. सुट्टीतसुद्धा दुपारी पत्ते खेळताना आवाज करायचा नाही. मला वाटायचं, हा कारखाना आपल्या घरात राहतो.

आता वाटतं, नव्हता राहत. भोंगा झाला की तो गेटाच्या आत राहायचा आणि आण्णा बाहेर यायचे. गेटावर वॉचमन डबा उघडून बघायचा, खिसे चाचपायचा, त्याची आण्णांना चीड होती. ती चीड त्यांनी चौतीस वर्षं रोज केली. पण एकदा बाहेर पाय पडला की त्यांच्या चालण्यात फरक पडायचा. पानपट्टीवर थांबायचे, कुणाच्या तरी सायकलला हात लावून उभे राहायचे. घरी यायला पंचवीस मिनिटांच्या जागी तास लागायचा आणि आई त्यावरून बोलायची. त्या तासाचं कारण त्यांनी कधीच सांगितलं नाही. तिनंही नेट लावून विचारलं नाही. भोंग्याचं एक होतं. तो कामगाराला आत घ्यायचा तसाच सगळ्या गावाला ऐकू जाईल असा सोडायचाही. आता ह्याचा वेळ ह्याचा, हे शेजारपाजारच्यांना, किराणावाल्याला, आईला, सगळ्यांना कळायचं. माझ्या लॅपटॉपला असा आवाज नाही. सहा वाजता काहीच वाजत नाही.

एक रात्र मला चांगली आठवते. मी सातवीत असेन. आठ-साडेआठला दारात लुना थांबली. सुपरवायझर स्वतः आलेले. कुठलंतरी मशीन अडलं होतं, माल सकाळी जायचा होता, आणि ते मशीन आण्णांच्याच हाताला लागायचं. आण्णा ताटावर होते. सुपरवायझर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “चला जरा, तासाभराचं काम आहे.” आण्णांनी “बसा साहेब” म्हटलं आणि जेवत राहिले. घाई नाही. आईनं चहा टाकला. साहेब कॉटवर अवघडून बसले, बशीत चहा ओतून फुंकत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आण्णांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ताकात बुडवून खाल्ला, हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मग विचारलं, “जाताना कार्ड पंच करायचं न्हवं? का तसंच?” साहेब म्हणाले, “अहो तासाभरासाठी काय कार्ड!” आण्णा म्हणाले, “मग सकाळी बघू.” आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. चहाच्या बशीचा आवाज तेवढा आला. शेवटी कार्ड पंच झालं, काम तीन तास चाललं आणि त्या महिन्याच्या पगारात त्या तीन तासांचे सहा तासांचे पैसे आले. आण्णा नववी नापास. पण गेटजवळच्या फळ्यावर लावलेला कायद्याचा मराठी गोषवारा त्यांनी पाठ केला होता आणि १९४८च्या फॅक्टरी अॅक्टचं कलम ५९ ते देवाच्या नावासारखं घ्यायचे. जादा काम, दुप्पट दर.

त्या दिवशी मला ते आडमुठे वाटले होते. साहेब घरी आले, चहा प्यायले, आणि हा माणूस कार्डाचं बोलतो. मला लाज वाटली होती, खरंच.

आण्णांच्या त्या ४८ तासांच्या आठवड्यामागे किती माणसं उभी आहेत, ते मला फार उशिरा कळलं. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला गिरणी कामगारांच्या पदरात पडली, ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा-सात वर्षं सभा आणि अर्ज करून घासाघीस केली तेव्हा. आणि आमच्या शेजारच्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्याजवळच्या शाळेत ज्या मुलाचं नाव घातलं गेलं, तो पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा सदस्य झाला. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारं विधेयक त्याच्याच कारकिर्दीत, १९४६ साली मांडलं गेलं. शाळाप्रवेशाचा तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. कारखान्यांनी बाबासाहेबांचा एखादा दिवस पाळायला हरकत नव्हती. २०२५च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ करायला मंजुरी दिली, तेव्हा मी पेपर आण्णांना वाचून दाखवत होते. ‘कामगाराच्या संमतीने’ हे शब्द आले तसे ते हसले. “संमती? गेटात हुबा ऱ्हाऊन न्हाई म्हणणारा गडी बघितलाईस का तू?” मी मनात म्हटलं, बघितलाय की. आमच्या कॉटवर साहेब बसले होते तेव्हा.

पण मी आण्णांची मुलगी असले तरी गेटाच्या आतल्या बाजूला उभी आहे, हेही खरं. घरून काम करणारी माणसं काय काय करतात ते मला माहीत आहे. एकानं आठ महिने दोन कंपन्यांचा पगार घेतला आणि दोन्हीकडच्या मीटिंगला एकाच वेळी ‘आवाज येत नाहीये’ म्हणत राहिला. दुसऱ्या एकीनं काट्याच्या घड्याळावर माऊस ठेवायची युक्ती शोधली होती. सेकंदकाटा फिरला की पडद्यावरचा बाण हलतो, दिवा हिरवा राहतो. ऐकल्यावर मला आधी हसू आलं आणि मग आठवलं की तिच्या वाटणीचे दोन अहवाल मी रात्री जागून केले होते. तेव्हा मला पिवळा दिवा पुरेसा पिवळा नाही असं वाटलं होतं. आपल्यावर नजर असली की जाच वाटतो. दुसऱ्यावर नसली की अन्याय वाटतो. मी दोन्ही एकाच महिन्यात वाटून घेतलंय. ग्राहक तासाच्या हिशेबानं पैसे देतो, कंपनीला ते तास कुठंतरी मोजावे लागणार, हे मला पटतं. पटत नाही ते वेगळंच काहीतरी आहे, ते हाताला लागत नव्हतं.

मग पूर आठवला.

सांगलीत आपण पाऊस इंचात मोजत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली फुटांत मोजतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. जुलैत फोन आला की हॅलोच्या आधी ‘किती झालं?’ विचारायचं. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं, त्या धसक्यानं २०२१च्या जुलैत गावभागातले आमचे सगळे नातेवाईक पाणी यायच्या आधीच आमच्याकडे आले. तीन खोल्यांत चौदा माणसं, एक मांजर, दोन शिलाई मशीन. लाईट जाऊन-येऊन. मी चार दिवस जवळपास काहीच काम केलं नाही. आणि कंपनी किती चांगली वागली! पुण्याहून वरचे साहेब स्वतः फोन करत होते, ‘कामाचं टेन्शन घेऊ नका, आधी घर बघा.’ त्या आठवड्याच्या यादीत माझं नाव आलंच नाही. कुणीतरी हातानं काढलं असणार. मला तेव्हा भरून आलं होतं. त्या चांगुलपणाबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण पूर टीव्हीवर दिसतो. सावळजच्या शिवारावर वीस मिनिटं सर येऊन गेली तर ती पुण्यात दिसत नाही, सांगलीतसुद्धा दिसत नाही. विश्रामबागेत त्या गुरुवारी लख्ख ऊन होतं. महापुराला सवलत मिळते, सरीला कारण द्यावं लागतं. आणि माणसाचं आयुष्य काही रोज महापुराचं नसतं, ते असल्याच वीस-वीस मिनिटांच्या सरींचं असतं. गॅस सिलिंडर आला, म्हातारा बाथरूममध्ये घसरला, पोराच्या शाळेनं बोलावलं, वासरू सुटलं. त्यानं दीड तास घेतला याचा मला राग नव्हता. त्यानं मला सांगायला हवं होतं, असंही नाही. मी त्याला विचारलं, तेच लागून राहिलं होतं. दीड तासाचे पैसे कापले असते तर एक वेळ बरं, आण्णांचं तसंच होतं. कार्ड पाव तास कापायचं, पण ‘चौथ्या मिनिटाला कुठे होतास’ असं विचारत नव्हतं.

नोकरी सोडून स्वतःच्या मर्जीचं राहावं असं म्हणणारे भेटतात, त्यांना मी मामांचं उदाहरण देते. शेतकरी, स्वतःचा मालक. मोटारीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की मामा बारा-साडेबाराला बॅटरी घेऊन विहिरीवर. ऊस तोडीची चिठ्ठी कारखाना देईल तेव्हा, टोळी येईल तेव्हा. फवारणी आभाळ ठरवणार. मामांना आयुष्यात कधी कार्ड नव्हतं आणि आयुष्यात कधी रविवार नव्हता. तरी ते आण्णांना म्हणायचे, “पावणं, तुमची गुलामी.” आण्णा म्हणायचे, “तुमचा मालक दिसत न्हाई एवढंच.” दोघं ओसरीवर हा वाद दर दिवाळीला घालायचे आणि दोघांनाही तो जिंकायचा नसायचा.

आण्णांची दुसरी आवडती गोष्ट स्वतंत्रपूरची. आटपाडीजवळ औंध संस्थानानं १९३९ साली काढलेला खुला तुरुंग. खुनाचे कैदी, पण भिंत नाही, शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन या इंजिनिअरचा त्यात हात होता. पुढे त्यावर सिनेमाही निघाला. याच औंधच्या राजानं त्याआधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल स्टेशनजवळचं माळरान कारखान्यासाठी दिलं होतं. किर्लोस्करवाडीत तर शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाच राखणीला ठेवलं होतं, अशी आठवण त्या भागात आजही सांगतात. आण्णांना हे फार आवडायचं, चोराच्या हातात किल्ल्या. एकदा आटपाडीहून येताना गाडी थांबवून त्यांनी मला लांबूनच ती बाजू दाखवली. डाळिंबाच्या बागा, धूळ, दुपारचं माणदेशी ऊन. मी म्हटलं, पळून जात नाहीत? म्हणाले, “पळून जायला काय लागतंय? पण हजेरीला यायला लागतंय नव्हं.” त्या वेळी मी ते विसरून गेले. आता दुपारी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देताना, पाच मिनिटं होत आली म्हणून एका हातानं जाऊन माऊस हलवून येते, तेव्हा आठवतं. माझ्या घराला भिंती आहेत. त्या माझ्याच हप्त्यांच्या आहेत.

२०१८ मध्ये सुप्रिया सुळ्यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क द्यावा म्हणून. २०२५च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडलं. ही दुसरी बातमी मी रात्री पावणेअकराला मोबाईलवर वाचली. वाचता वाचता वरून टीमचा मेसेज आला, आणि बातमी बंद करून मी त्याला उत्तर दिलं.

आता जरा वाईट भाग.

आमच्याकडे मावशी येतात, भांडी-फरशीला. यायची वेळ आठ. त्या गुरुवारच्या आसपासच्या एका सकाळी त्या आठ पंचवीसला आल्या. मी काही बोलले नाही. खरंच काही बोलले नाही. फक्त मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि परत पडद्याकडे वळले. मावशींनी पदर खोचला, मोरीत गेल्या, आणि भांड्यांच्या आवाजातून म्हणाल्या, “नळाला पाणी उशिरा आलं बाई आज.” मी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी कारण दिलं. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, “आणि तुमचं घड्याळ धा मिनिटं फुडं हाय.”

ते खरंच पुढे आहे. आण्णांनीच ते ठेवलेलं, पाळीच्या दिवसांत, बस चुकू नये म्हणून. माधवनगर रोडच्या जुन्या घरातून ते घड्याळ इथं आलं, दहा मिनिटांसकट. देशाची एक प्रमाणवेळ १९०६ च्या १ जानेवारीला लागू झाली तेव्हा मुंबईची जुनी वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. गिरणीतल्या लोकांनी नव्या घड्याळावर काम करायला नकार दिला होता म्हणे, आणि मुंबईच्या महापालिकेनं तर पुढची चाळीसहून जास्त वर्षं आपली जुनी वेळ सोडली नाही. आमच्या घरात दहा मिनिटांचा कुणी संप केला नाही. आईनं केला नाही, मी केला नाही. आणि मावशींना त्या दहा मिनिटांचा हिशेब तोंडपाठ होता, कारण चार वर्षं त्या त्याच घड्याळाला उशिरा येत होत्या. मी स्टुलावर चढले, घड्याळ काढायला हात लावला, तर आण्णा कॉटवरून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मला कळंना हुईल.” राहू दिलं.

मेच्या अखेरीला सावळजहून एस.टी.नं एक खोकं आलं. कंडक्टरनं फोन केला, मी स्टँडवरून घेऊन आले. वर दोरी, आत दोन किलो बेदाणे. उघडल्या उघडल्या शेडचा तोच वास आला, गोड आणि मागे आंबूस. तपकिरी, काही सरळ काळे. मी त्याला फोन केला. पैसे किती पाठवू विचारलं तर म्हणाला, “घरचाच माल हाय मॅडम. तसाबी सौद्याला चालला न्हाई.” कागद ओढला ना वेळेवर? “वडला की. पण एका बाजूची दोरी तुटली.” किती गेला? “दोन रॅक.” मग जरा थांबून, “त्या दिवशीचं काय झालं मॅडम, ते कारण? लागलं का काय?” मी म्हटलं, काही नाही झालं. खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं काय होतं. वैयक्तिकचे तास वर्षाच्या शेवटी कुठे मोजतात, बढतीच्या वेळी कुणी बघतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. हे बेदाणे आभार आहेत, की सारवासारव, की नुसतेच बेदाणे, तेही मला ठरवता येईना. त्याला माझे आभार मानायचं कारण नव्हतं. मी त्याला काही दिलं नव्हतं.

ते निवडायला बसले. काडीकचरा, चिरडलेले, बुरशीचे बाजूला काढायचे. आण्णांना ताटात घेऊन दिले, ते चष्मा लावून एकेक उजेडात धरून बघत होते, लेथवरचा नग मापावा तसे. मावशींनी फरशी आवरली आणि त्याही टेकल्या. त्यांचं बोट माझ्या दुप्पट वेगानं चालत होतं. आण्णांनी एक काळा तोंडात टाकला आणि म्हणाले, “गोड हायत की. काय झालंय ह्यास्नी?” मावशींनी नातवासाठी पिशवीत बांधून घेतले. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडा होता. दोनदा मला उठावंसं वाटलं. बोटं चिकट झाली होती.

पुढच्या सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी तक्ता आला. त्यात माझं नाव होतं, पहिल्यांदाच: शुक्रवार, दहा दहा ते अकरा पंचवीस. लीडनं स्वतःचंही कारण स्वतःच भरायचं असतं. मी ‘वैयक्तिक’वर बाण नेला, आणि मग चारांतला कुठलाच न निवडता पलीकडच्या शेऱ्यात मराठीत लिहिलं, ‘काळे पडलेले बेदाणे निवडत होते.’ कारण रिकामं ठेवलं म्हणून तक्ता पुढे जाईना. शेवटी ‘तांत्रिक’ दाबलं आणि पाठवलं.

ही जूनमधली गोष्ट. तेव्हापासून मी दर सोमवारी सगळ्यांच्या नावापुढे शेऱ्यात खरं काय ते लिहिते, त्यांना आधी विचारून, नको म्हणाले तर नाही. सिलिंडर आला होता. सासूबाईंचा मोतीबिंदू. झोप लागली. एकदा, सावळजच्याच पोराचं, जनावराचा डॉक्टर आला होता.

पुण्याहून अजून कुणी काही विचारलेलं नाही. तो रकाना तिकडे कुणी उघडतच नसावं.